विश्लेषण : पाठीवर सॅक, खिशात मोजके पैसे, परदेशात स्वस्त आणि चांगले जेवायचे कुठे?

पावसाळ्यातल्या रविवारी नेरळहून पूर्वेला निघालेल्या रिक्षा आणि एसटी सॅकवाल्यांनी भरलेल्या असतात. हा रस्ता कळंबला कर्जत-मुरबाड मार्गाला मिळतो. याच पट्ट्यातून खांडसकडे, म्हणजे भीमाशंकरच्या शिडी घाट आणि गणेश घाटाच्या पायथ्याला, तसेच आंबिवलीकडे, म्हणजे कोथळीगडाच्या पायथ्याला वाटा फुटतात. या परिसरात जेवणाचे तीन पर्याय असतात. फार्महाऊस आणि रिसॉर्टचा बुफे, रस्त्यालगतचा ढाबा आणि पायथ्याच्या गावातल्या घरी आधी फोन करून सांगून ठेवलेली पिठले-भाकरी. पहिला सर्वात महाग, तिसरा बहुधा सर्वात स्वस्त. आणि चार तास चढून-उतरून आलेल्या माणसाला विचारले, तर सर्वात चांगला कोणता, याचे उत्तरही तिसराच असते.

आता हाच ट्रेकर सॅक घेऊन काठमांडू, बँकॉक, इस्तंबूलला पोहोचू लागला आहे. पण विमानतळाबाहेर पडल्यावर तो कळंबला शिकलेली गोष्ट विसरतो. एक तर पर्यटकांच्या रस्त्यावर महाग आणि बेचव जेवतो, नाही तर पैसे वाचवण्यासाठी तीन दिवस इन्स्टंट नूडल्सवर काढतो आणि चौथ्या दिवशी आजारी पडतो. कमी पैशांत नीट जेवणे ही सवय आहे आणि ती शिकता येते. ती कशी, याविषयी.

बॅकपॅकिंगच्या खर्चात जेवणालाच एवढे महत्त्व का?

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसामुक्त प्रवेश द्यायला सुरुवात केली. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागतच नाही. त्यामुळे पहिला परदेश प्रवास स्वतःच आखणाऱ्या तरुणांची वाट सोपी झाली. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी ते त्या-त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासणे आवश्यक.

विमानाचे तिकीट, व्हिसा शुल्क, विमा आणि हॉस्टेलमधली खाट या चार गोष्टींचा खर्च बहुतांश वेळा घर सोडण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. प्रवासात रोज, तीन वेळा, स्वतः निर्णय घेऊन कमी-जास्त करता येणारा खर्च म्हणजे जेवण. त्यामुळे पैसे कमी पडू लागले की पहिली कात्री त्यालाच लागते. पण दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर पायी फिरणाऱ्या, रात्रीच्या बसने प्रवास करणाऱ्या शरीराची भूक घरच्यापेक्षा जास्त असते. उपाशी राहून वाचवलेले पैसे पुढे औषधात, टॅक्सीत आणि रद्द झालेल्या बेतात जातात. म्हणून खरा प्रश्न ‘कमी कसे खावे’ हा नसून ‘तेवढ्याच पैशांत पोटभर कुठे खावे’ हा आहे.

स्वस्त जेवण नेमके कोठे मिळते?

एका वाक्यात सांगायचे तर, त्या गावात हाताने काम करणारी माणसे जिथे दुपारी जेवतात तिथे. मुंबईत गिरणगाव होते तेव्हा खानावळी होत्या. कोकण आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ या नावाने उभी केली. जगातल्या बहुतेक शहरांत अशी खानावळ असतेच, फक्त नाव वेगळे असते.

तुर्कीत तिला ‘एस्नाफ लोकांतासी’ म्हणतात, म्हणजे कारागीर-दुकानदारांचे भोजनालय. सकाळी शिजवलेले पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवायचे आणि ताट घ्यायचे. सोबत पाव येतो. मसुराचे सूप जवळपास सगळीकडे मिळते. मेक्सिकोत ‘कोमिदा कोरिदा’, म्हणजे सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि सरबत असे ठरलेले दुपारचे जेवण. इंडोनेशियात ‘वारुंग’, व्हिएतनाममध्ये ‘कॉम बिन्ह झान’, म्हणजे शब्दशः सामान्यांचा भात. श्रीलंकेत दुपारी कागदात बांधून मिळणारे भाताचे पुडके. भात, डाळ, दोन-तीन भाज्या आणि तोंडी लावणे. रायगडच्या माणसाला ते ताट अनोळखी वाटत नाही.

पोलंडमधील ‘बार म्लेच्नी’, म्हणजे दुधाचे बार, हा आणखी वेगळा प्रकार. पहिला बार १८९६ मध्ये वॉर्सात सुरू झाला. पुढे कम्युनिस्ट राजवटीत ते देशभर पसरले आणि आजही उरलेल्या बारना सरकारी अनुदान मिळते. दूध, अंडी, बटाटा, पीठ आणि भाज्या यांचे पदार्थ तिथे मुख्य. महाराष्ट्रात १९९५ च्या युती सरकारच्या काळातील एक रुपयातली झुणका-भाकर केंद्रे आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी यांच्यामागची कल्पना याच जातीची.

दुपारचेच जेवण स्वस्त का असते?

कारण साधे आहे. दुपारच्या ठरलेल्या ताटात पर्याय कमी असतात, एकच भाजी मोठ्या पातेल्यात होते, माल वाया जात नाही आणि कामावरची माणसे वीस मिनिटांत जेवून उठतात. त्यामुळे एकाच खुर्चीवर तासाभरात तीन गिऱ्हाइके बसतात. संध्याकाळी तेच हॉटेल मेन्यूकार्ड लावते, दिवे मंद करते आणि किंमत वाढवते. आपल्याकडची राइस प्लेटही याच गणितावर चालते.

स्पेनमध्ये ‘मेनू देल दिया’ हे याचे ठळक उदाहरण. १९६० च्या दशकात फ्रँकोच्या राजवटीत पर्यटकांसाठी ठरावीक किमतीचे जेवण देण्याची सक्ती उपाहारगृहांवर झाली. त्यातूनच कामगार-कर्मचाऱ्यांचे दुपारचे ताट रूढ झाले. दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी असे सगळे एका किमतीत. जपानमध्ये ‘तेइशोकु’, म्हणजे भात, सूप, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ, हे ताट दुपारी स्वस्त पडते. पेरू आणि कोलंबियातही दुपारचा ठरलेला मेन्यू हाच बॅकपॅकरचा आधार असतो.

म्हणून अनुभवी प्रवासी दिवस उलटा आखतात. सकाळी बाजारातली फळे, पाव, अंडी. दुपारी पोटभर शिजवलेले ताट. रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात हलके काहीतरी. भारतीय सवयीप्रमाणे रात्रीचे जेवण मोठे ठेवले, तर तोच पदार्थ चढ्या भावाने खावा लागतो.

चांगले ठिकाण ओळखायचे कसे?

पाटीवर पाच भाषा आणि पदार्थांचे फोटो असतील, दारात उभा राहून कोणी हाक मारत असेल आणि समोर प्रसिद्ध वास्तू असेल, तर ते ठिकाण पर्यटकांचे. तिथून दोन-तीन गल्ल्या आत शिरले की चित्र पालटते. बस स्थानकामागचा भाग, भाजी मंडईचा कोपरा, सरकारी कार्यालयांच्या किंवा महाविद्यालयांच्या आजूबाजूचा रस्ता या तीन जागा सहसा निराश करत नाहीत. मेन्यू हाताने फळ्यावर लिहिलेला असेल, पदार्थ मोजकेच असतील आणि साडेबाराला रांग असेल, तर आत जावे. कॉलेजच्या पोरांची गर्दी ही स्वस्ताईची खूण आणि रिक्षावाल्यांची गर्दी ही चवीची, हा आपल्याकडचा ठोकताळा बाहेरही चालतो.

स्वस्त म्हणजे दुय्यम, हा समज सिंगापूरने खोडून काढला आहे. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने नळ, गटार, वीज असलेल्या एका छपराखाली आणले आणि ‘हॉकर सेंटर’ उभी राहिली. २०१६ मध्ये अशाच एका केंद्रातल्या चिकन-राइसच्या गाड्याला मिशेलिन तारा मिळाला. त्या वेळी तिथली प्लेट सुमारे दोन सिंगापूर डॉलरला होती. २०२० मध्ये या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवलेले असेल, तर ती जागा कोणीतरी धरलेली असते. आणि जेवल्यावर आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा, तो नियम आहे.

डोंगरात भाव का वाढतात?

माथेरानमध्ये मोटारींना प्रवेश नाही. घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावरून वर गेलेल्या मालाचा भाव नेरळपेक्षा जास्त असतो आणि ते कोणाला खटकत नाही. नेपाळमध्ये अन्नपूर्णा किंवा एव्हरेस्टच्या वाटेवर हेच घडते. माल हमालाच्या पाठीवर नाही तर खेचर-याकवर चढतो, म्हणून दर मुक्कामाला चहाही महाग होत जातो. तिथल्या टी-हाऊसमध्ये खाट फार कमी पैशांत देतात. मात्र रात्रीचे आणि सकाळचे जेवण तिथेच घ्यावे, अशी अपेक्षा असते. खाट एकीकडे आणि जेवण दुसरीकडे ही बचत तिथे अपमानास्पद मानली जाते, कारण मालकाचे उत्पन्न जेवणावरच असते.

या वाटांवर पिझ्झा-पास्ता मागणारे पस्तावतात. डाळ-भात मागितला तर डाळ, भात, भाजी पुन्हा वाढतात, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. रोज शिजणारा पदार्थ म्हणून तो ताजा असतो आणि चढाईला लागणारी ताकदही देतो. जो पदार्थ स्वयंपाकी स्वतः जेवतो तोच मागवावा, हा नियम समुद्रसपाटीपासून बेस कॅम्पपर्यंत सारखाच.

शाकाहारी प्रवाशाने काय करावे?

मराठी घरातल्या अनेकांची पहिली काळजी हीच असते आणि ‘नो मीट’ एवढे सांगून ती सुटत नाही. कारण अनेक देशांत मासे, कोळंबीची पेस्ट किंवा चरबी यांना कोणी मांस मानत नाही. थायलंडमध्ये माशांचा सॉस, जपानमध्ये सुक्या माशाचा अर्क असलेली ‘दाशी’, श्रीलंकेच्या संबोलमध्ये सुक्या माशाचा कीस, मेक्सिकोच्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते. उपाय एकच. त्या देशातले शाकाहारी किंवा उपासकरी स्वतःच्या जेवणाला काय म्हणतात, तो शब्द शिकायचा.

थायलंडमध्ये हा शब्द ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात तो दिसतो. त्यात मांस, मासे, अंडे नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, म्हणून जैन प्रवाशांनाही तो उपयोगी. तिथलाच दुसरा शब्द ‘मांगसविरत’. तो आपल्या ‘मांस’ आणि ‘विरती’ या शब्दांतूनच तिकडे गेला; मात्र त्या जेवणात अंडे चालते. व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात. तिथले अनेक बौद्ध चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात. साध्या गाड्यांवरही त्या दिवशी ‘चाय’ जेवण सापडते. तैवानमध्ये अनेक शाकाहारी भोजनालयांच्या पाटीवर चक्क स्वस्तिक असते. तिथे वजनावर भाज्या मिळतात. हव्या तेवढ्या घ्यायच्या आणि तराजूवर ठेवायच्या.

इथिओपियात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास पाळतात. त्या दिवशी मांस, दूध, अंडी वर्ज्य. आंबोळीसारख्या जाळीदार ‘इंजेरा’वर डाळी आणि भाज्या वाढलेले ‘बेयाइनेतू’ हे ताट तेव्हा सर्वत्र मिळते. इजिप्तमध्ये भात, मसूर, मॅकरोनी, तळलेला कांदा आणि टोमॅटोची चटणी एकत्र केलेली ‘कोशरी’ हे कामगारांचे पोटभरीचे खाणे. मॉरिशसमध्ये, जिथे मराठी समाजही पिढ्यान्‌पिढ्या राहतो, डाळ भरलेली ‘ढोलपुरी’ रस्त्यावर हातात घेऊन खातात. पुरणपोळी तिखट झाली तर जशी लागेल, तशी.

मासे खाणाऱ्या कोकणवासीयांना तर आग्नेय आशियात फारसे बिचकण्याचे कारण नाही. मलेशियाच्या ‘बेलाचान’ पेस्टचा वास पहिल्यांदा नाकात शिरतो, तेव्हा अनेक पर्यटक मागे सरतात. पण ती ज्या सूक्ष्म कोळंबीपासून बनते, तिच्याच कुळातला आपला जवळा. सुकटीच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला तो वास घरचाच वाटायला हवा.

घरून डब्यात काय न्यावे, काय नेऊ नये?

पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले पोहे, सातूचे पीठ असा कोरडा शिधा उपयोगी पडतो. त्यापुढे सॅकचे ओझेच होते. नेण्यापूर्वी मात्र तीन नियम पाहावेत.

पहिला, सीमेचा. युरोपीय संघात भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप हे त्यातच येतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना अर्जावर जाहीर करावी लागते. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूसाठी न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो.

दुसरा, खसखशीचा. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेली वस्तू आहे. दिवाळीचे अनारसे किंवा खसखस घातलेला घरचा मसाला आईने प्रेमाने बांधून दिला, तरी तो तिथे नेऊ नये. फक्त विमान बदलण्यासाठी दुबईत उतरायचे असले, तरीही हे लक्षात ठेवावे.

तिसरा, विमानाचा. लोणचे, तूप, ओली चटणी हे हातातल्या सामानात द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेत मोडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे ज्वलनशील मालात धरल्या जातात, म्हणून त्या घरीच ठेवलेल्या बऱ्या.

हॉस्टेलचे स्वयंपाकघर कधी परवडते?

युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया अशा महाग देशांत बाहेरच्या प्रत्येक ताटात तिथल्या मजुरीचा वाटा मोठा असतो. तिथे कच्चा माल मात्र तुलनेने स्वस्त असतो. म्हणून स्वयंपाकघर असलेले हॉस्टेल खाटेमागे थोडे महाग असले, तरी एकूण हिशेबात स्वस्त पडते. याउलट थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंकेत गाड्यावरचे जेवणच इतके वाजवी असते, की दोघांपुरती भाजी-तेल-मीठ विकत घेऊन शिजवणे महाग ठरते.

महाग देशांतली बचत संध्याकाळी होते. जपानच्या सुपरमार्केटमध्ये बंद होण्याच्या सुमारास तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीची चिठ्ठी लागते, कधी निम्म्या किमतीची. डेन्मार्कमध्ये सुरू झालेले ‘टू गुड टू गो’ हे अॅप अनेक देशांत बेकरी आणि उपाहारगृहांतले उरलेले ताजे अन्न कमी दरात विकते. हॉस्टेलमध्ये आधीच्या प्रवाशांनी सोडलेले तांदूळ, पास्ता, मीठ यांचे एक सामायिक कपाटही बहुधा असते. नवे काही विकत घेण्यापूर्वी ते उघडून पाहावे. खोलीत मात्र कॉइल किंवा इंडक्शन लावू नये. आगीच्या नियमांमुळे ते बहुतेक ठिकाणी मना आहे.

बिलात छुपे पैसे कोणते?

पोर्तुगालमध्ये न मागता टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येते. ते खाल्ले की त्याचे पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवता येते. इटलीत बसण्याचे वेगळे शुल्क असू शकते. तीच कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली, तर स्वस्त पडते. अमेरिकेत मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो आणि टेबलावर वाढणाऱ्याला १५ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे. जपानमध्ये टिप देतच नाहीत.

कार्डाने पैसे देताना मशीन ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारते. तिथे स्थानिक चलनच निवडावे. रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा महाग दर लागतो. नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूरसह काही देशांत ठरावीक दुकानांत यूपीआय चालते, पण गाड्यावरचा विक्रेता बहुधा रोखच घेतो. त्यामुळे सुट्या नोटा जवळ असाव्यात.

पाणी हा असाच न दिसणारा खर्च. रोम शहरात सतत वाहणारे सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ आहेत, पॅरिसमध्ये १८७२ पासूनचे वॉलेस कारंजे आजही पिण्याचे पाणी देतात. रिकामी बाटली सोबत असली, की रोजचे काही युरो वाचतात. जिथे नळाचे पाणी पिण्याजोगे नाही, तिथे मात्र उकळलेले किंवा सीलबंदच.

स्वस्त खाऊन पोट बिघडत नाही का?

प्रवासात जुलाब हा सर्वात जास्त आढळणारा आजार आहे. पण त्याचा संबंध किमतीशी कमी आणि तापमानाशी जास्त आहे. समोर कढईतून उतरलेला, वाफाळता पदार्थ सुरक्षित. तीन तास कोमट राहिलेला हॉटेलचा बुफे धोक्याचा. गर्दीच्या गाड्यावर माल टिकतच नाही, तो संपतो. म्हणून गर्दीची वेळ ही आरोग्याच्या दृष्टीनेही चांगली. कापून ठेवलेली फळे, बर्फ आणि कच्चे सॅलड पहिल्या दिवसांत टाळावे. सोलून खायची केळी, संत्री चालतात.

पोट बिघडलेच तर आधी पाणी भरून काढावे. ओआरएसची पाकिटे सॅकमध्ये असावीत. ती नसतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. रक्त पडत असेल, ताप असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर डॉक्टर गाठावा. तिथे बचत करू नये.

फुकट जेवावे का?

या प्रश्नाला रायगडशी जोडलेला एक जुना संदर्भ आहे. १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात भारतातून पायी निघाले आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, सोव्हिएत संघ ओलांडत पुढे पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले. निघण्यापूर्वी ते विनोबा भावे यांना भेटले. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या : जवळ पैसे ठेवू नका आणि शाकाहारी राहा. पैसे असले तर माणूस हॉटेल शोधतो, नसले तर त्याला माणूस शोधावा लागतो, असा त्यामागचा विचार. आणि ‘आम्ही हे खात नाही’ म्हटले की यजमान ‘का’ विचारतो, तिथून अहिंसेचे बोलणे सुरू होते. अनोळखी देशांत लोकांनी त्यांना जेवू-खाऊ घातले.

पण ते एका कारणासाठी चालत होते आणि त्यांनी काही दडवले नव्हते. बँक खात्यात पैसे असताना गरीब देशांत फुकट जेवत फिरणे याला त्या पदयात्रेचे नाव देता येत नाही. बँकॉकपासून लंडनपर्यंतच्या गुरुद्वारांत लंगर सर्वांना खुला असतो. तिथे डोके झाकून, पंगतीत बसून, वाढलेले संपवून जेवावे आणि नंतर भांडी घासायला किंवा भाजी चिरायला हात लावावा. घरी बोलावणाऱ्या यजमानाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. आणि ज्या गाडेवालीचे ताट आधीच आपल्या एका वडापावाच्या किमतीएवढे आहे, तिच्याशी घासाघीस करू नये. स्वस्त जेवण आणि कोणाच्या कष्टाचे पैसे बुडवून मिळवलेले जेवण, यांत फरक आहे.

निघण्यापूर्वी तयारी काय करावी?

तयारीला पासपोर्ट लागत नाही. एखाद्या शनिवारी सकाळी खांडस किंवा आंबिवलीची वाट धरावी. आदल्या दिवशी गावातल्या एखाद्या घरी फोन करून किती माणसे, किती वाजता, काय खाणार हे सांगावे. रिसॉर्टची पाटी ओलांडून पुढे जावे, घरात जे शिजते तेच मागावे, अन्न टाकू नये, ठरलेले पैसे न मागता द्यावेत. उतरायला उशीर होणार असेल तर तसे कळवावे, कारण कोणीतरी चूल पेटवून वाट पाहत असते.

जगातल्या कुठल्याही गल्लीत नीट जेवायला याहून जास्त काही येण्याची गरज नाही. तिथे भाकरीच्या जागी इंजेरा येईल, पिठल्याच्या जागी मसुराचे सूप. विचारायचा प्रश्न तोच राहील : आज घरात काय केले आहे?